घुबडाला कायदा होता, कामगाराला काय होते?

"जंगल वाचवायचे की माणसांचा रोजगार?" हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना मेळघाटात विचारला जातो, गडचिरोलीत विचारला जातो, चंद्रपुरात तर रोज विचारला जातो. वाघाच्या बाजूने बोलावे तर आपण गरिबाचे वैरी ठरतो. मजुराच्या बाजूने बोलावे तर जंगलाचे शत्रू ठरतो. प्रश्नच असा रचलेला असतो की दोन्हीकडून हरायचे ते आपणच.

हा पेच नवा नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरेगन, वॉशिंग्टन आणि उत्तर कॅलिफोर्निया या भागात, १९९० च्या आसपास हाच प्रश्न एका घुबडावरून पेटला होता. आपल्याकडे घुबड घरावर बसले की अपशकुन मानतात. तिकडच्या लाकूडतोड कामगारांच्या गावांतही ते घुबड अपशकुनी ठरले, पण तिथे ही अंधश्रद्धा कोणा भगताने पसरवली नव्हती. ती पसरवली कंपन्यांनी आणि मते मागणाऱ्या पुढाऱ्यांनी.

या इतिहासातून आम्हाला दिसते ते असे: त्या लढ्यात घुबडाच्या पाठीशी कायदा उभा होता, म्हणून सरकारला नमावे लागले. कामगाराच्या पाठीशी फक्त सहानुभूती होती, म्हणून तो वाऱ्यावर सुटला. दोघांची दुश्मनी होती म्हणून हे घडले नाही. एकाकडे हक्क होता आणि दुसऱ्याकडे आश्वासन, म्हणून हे घडले.

जंगल आधी कोणाचे होते?

वादाचा इतिहास घुबडापासून सुरू केला की अर्धे सत्य झाकले जाते. ही जंगले मुळात तिथल्या आदिवासी राष्ट्रांची होती. १८५० च्या दशकातल्या करारांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. पुढे सरकारने रेल्वे कंपन्यांना लोहमार्ग बांधण्यासाठी प्रचंड जमिनी बहाल केल्या. १९०० साली वेयरहाउझर या लाकूड कंपनीने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून नऊ लाख एकर जंगल विकत घेतले, तेही एकरी सहा डॉलरने. उरलेल्या जंगलाचा मोठा भाग सरकारी राहिला आणि १९०५ मध्ये स्थापन झालेल्या वनसेवेकडे गेला.

या जंगलात काम करणाऱ्यांची अवस्था काय होती? दहा-दहा तासांचे काम, उवांनी भरलेल्या बराकी आणि अंथरूण-पांघरूण स्वतःच पाठीवर वाहायचे. १९१७ मध्ये कामगारांनी मोठा संप केला. मागणी होती आठ तासांच्या दिवसाची आणि माणसासारख्या राहणीची. सरकारने संघटना चिरडली, पण युद्धासाठी लाकूड हवे असल्यामुळे मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस द्यावाच लागला. आपल्याकडे आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाने कायद्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. ती बाबासाहेब मजूरमंत्री असताना मांडलेली होती. जगात कुठेही कामाचे तास मालकाच्या दयेने कमी झालेले नाहीत.

त्या कामगारांतही भिंती होत्या. काळ्या लोकांनी राज्यात राहू नये असे कलम ऑरेगनच्या संविधानात होते. ते काढले गेले १९२६ मध्ये. त्याआधीच, १९२३ मध्ये, मॅक्सव्हिल नावाच्या कंपनीच्या गावात दक्षिणेतून काळे लाकूडतोड कामगार आणले गेले. कुऱ्हाड आणि करवत सारखीच, जोखीम सारखीच, पण वस्ती वेगळी आणि मुलांची शाळाही वेगळी. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मॅक्सव्हिल समजावून सांगावे लागणार नाही.

एक विद्यार्थी आणि एक पक्षी

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला ऊत आला. खासगी मालकीची जुनी जंगले कंपन्यांनी संपवत आणली होती. मग नजर वळली सरकारी जंगलाकडे. तिथे डग्लस फर, हेमलॉक आणि सीडर यांची दोनशे वर्षांहून जुनी, काही ठिकाणी पाचशे वर्षांचीही झाडे उभी होती. वनसेवा जंगलाचे गट पाडून लिलाव करू लागली आणि डोंगरच्या डोंगर बोडके होऊ लागले.

यात एक आर्थिक गाठ होती. १९०८ च्या कायद्याने सरकारी जंगलाच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा स्थानिक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, मिळे. पश्चिम ऑरेगनमधल्या काही जमिनींवर तर १९३७ च्या कायद्यानुसार निम्म्याहून कमी वाटा कधी ठरला नव्हता. हा पैसा रस्त्यांना जाई, शाळांना जाई. म्हणजे झाड पडले की शाळेला पैसा आणि झाड उभे राहिले की शाळा उपाशी. लोकांच्या मुलांचे शिक्षण जंगलतोडीच्या दावणीला बांधले की जंगलतोडीच्या विरोधात बोलणार कोण?

१९६८ मध्ये एरिक फोर्समन या विद्यार्थ्याने ऑरेगनच्या जंगलात उन्हाळी काम करताना एका घुबडाचा आवाज ऐकला. ते उत्तरेकडचे ठिपकेदार घुबड होते. पुढे वर्षानुवर्षे अभ्यास करून त्याने दाखवले की हे घुबड मुख्यतः जुन्या जंगलातच टिकते. जुन्या खोडांच्या ढोलीत घरटे आणि रात्री उडत्या खारींची शिकार असे त्याचे जीवन. एका जोडीला हजारो एकर जंगल लागते. थोडक्यात, घुबड कमी होणे म्हणजे जुने जंगल संपत आल्याची खूण होती.

कायदा बोलू लागला

१९७३ मध्ये अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय वनांच्या व्यवस्थापनाचा कायदा आला आणि सरकारी जंगलातील वन्यजीव टिकवण्याची जबाबदारी वनसेवेवर आली. हे दोन्ही कायदे कागदावर होते. वनसेवा मात्र लिलाव करत राहिली.

१९८७ मध्ये घुबडाचे नाव संरक्षित यादीत घालावे असा अर्ज झाला. सरकारी खात्याने नकार दिला. १९८८ मध्ये न्यायाधीश थॉमस झिली यांनी तो नकार मनमानी ठरवला, कारण खात्याने आपल्याच शास्त्रज्ञांचे म्हणणे बाजूला सारले होते. जून १९९० मध्ये घुबड संरक्षित यादीत आले. मे १९९१ मध्ये न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी घुबडाच्या अधिवासातले सरकारी लाकडाचे लिलाव थांबवले. निकालात त्यांनी ठपका ठेवला तो सरकारी यंत्रणेवर. कायदा पाळायचाच नाही, असे वर्षानुवर्षे ठरवून चालल्याचा हा ठपका होता.

हे नीट लक्षात घ्या. न्यायालयात घुबड विरुद्ध कामगार असा खटला कधीच नव्हता. खटला होता कायदा मोडणाऱ्या सरकारी खात्यावर. पण गावागावांत मोटारींवर घुबडाला मारून खाण्याची भाषा करणारे स्टिकर लागले, दुकानांवर पिवळ्या फिती लागल्या, लाकडाच्या ट्रकांचे मोर्चे निघाले. १९९२ च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉर्ज बुश सांगत फिरले की असेच चालले तर घुबडे उदंड होतील आणि माणसे बेकार. कायदा मोडणारे खाते आणि जंगल ओरबाडणारी कंपनी दोघेही चित्रातून गायब झाले. समोरासमोर राहिले एक पाखरू आणि एक मजूर.

नोकऱ्या खाल्ल्या कोणी?

समाजशास्त्राने इथे काय सांगितले ते पाहू. विल्यम फ्रॉयडनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या उद्योगातल्या रोजगाराचा १९४७ पासूनचा हिशेब मांडला. सर्वांत मोठी घट १९४७ ते १९६४ या काळात झालेली आढळली. तेव्हा ना प्रजातींचा कायदा होता, ना घुबडाचे नाव कोणी ऐकले होते. नंतरच्या काही अर्थशास्त्रीय अभ्यासांना मात्र घुबड यादीत आल्यानंतरचीही स्पष्ट घट दिसली. हेही आपण लपवू नये. १९९० नंतर सॉ मिल बंद पडल्या, माणसे बेकार झाली, गावे ओस पडली. ते दुःख खरे होते. पण ते दुःख चाळीस वर्षांच्या उताराचे शेवटचे वळण होते.

उतार कशाचा होता? पहिले कारण यंत्रांचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत हजारो कामगार घरी बसले. दशक संपता संपता लाकडाचे उत्पादन पुन्हा भरभराटीला आले, पण माणसे पूर्वीइतकी परत घेतली गेली नाहीत, कारण त्यांच्या जागी नवी यंत्रे आली होती. दुसरे कारण निर्यातीचे. खासगी जंगलातले ओंडके न कापता, सालीसकट, जहाजात भरून जपानसारख्या देशांना पाठवले जात. ओंडका गेला की सॉ मिलमधले कामही त्याच्याबरोबर गेले. तिसरे कारण संघटना मोडण्याचे. १९८६ मध्ये वेयरहाउझरच्या कामगारांनी संप केला आणि अखेर कमी मजुरीवर परतावे लागले. चौथे कारण साधे: दोनशे वर्षांचे झाड वीस वर्षांत पुन्हा उगवत नाही. तोडीचा वेग तोच राहिला असता तर जुने जंगल संपलेच असते आणि त्याबरोबर त्या नोकऱ्याही.

उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिक लंबर ही जुनी कंपनी होती. १९८६ मध्ये मॅक्सॅम या कंपनीने ती कर्ज काढून ताब्यात घेतली आणि ते कर्ज फेडण्यासाठी रेडवूडच्या महावृक्षांची तोड कितीतरी वाढवली. तोड वाढते तेव्हा कामगाराला वाटते रोजगार वाढला. खरे तर त्याचा उद्याचा रोजगार आज विकला जात असतो.

दोघांना जोडू पाहणारी बाई

हे उघड बोलणारी एक बाई तिथे होती. जूडी बारी सुताराचे काम करायची, आधी संघटनेची कार्यकर्ती होती आणि नंतर जंगल वाचवण्याच्या चळवळीत आली. ती सॉ मिलच्या कामगारांना भेटायची, कारखान्यातल्या विषारी द्रव्याच्या गळतीवर त्यांच्या बाजूने उभी राहायची, आणि सांगायची की जंगल संपवणारा मालक आणि तुमची हाडे झिजवणारा मालक एकच आहे. २४ मे १९९० रोजी ओकलंड शहरात तिच्या गाडीत बॉम्बस्फोट झाला. ती गंभीर जखमी झाली. पोलिसांनी उलट तिलाच स्फोटाची आरोपी म्हणून अटक केली. खटला कधीच उभा राहिला नाही. १९९७ मध्ये ती कर्करोगाने गेली. २००२ मध्ये ज्युरीने एफबीआय आणि ओकलंड पोलिसांच्या अधिकाऱ्यांना दोषी धरून ४४ लाख डॉलरची भरपाई ठरवली. बॉम्ब कोणी ठेवला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

कामगार आणि जंगल यांना एकत्र आणणाऱ्यावर इतका रोष ओढवतो, यातच त्या प्रश्नाचे राजकारण कळते. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवले होते. श्रमिकांना एकमेकांपासून तोडणारी व्यवस्था आणि त्यांचे श्रम लुटणारी व्यवस्था एकमेकींच्या आधाराने चालतात, हा धडा तिथला होता. अमेरिकेच्या जंगलात तोडण्याचे काम एका घुबडाकडून करून घेतले गेले, एवढाच फरक.

आराखडा झाला, हक्क राहिला

२ एप्रिल १९९३ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी पोर्टलंडमध्ये सर्वांना एका टेबलाभोवती बसवले. १९९४ मध्ये वायव्य वन आराखडा आला. सुमारे अडीच कोटी एकर सरकारी जमीन त्याखाली आली. १९८० च्या दशकात या जंगलांतून वर्षाला साडेचार अब्ज बोर्ड फुटांच्या आसपास लाकूड निघत होते. (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट.) आराखड्याने ते सुमारे १.१ अब्जावर आणले. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी तेवढेही निघाले नाही.

कामगारांसाठी पाच वर्षांची, सुमारे १.२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. नवे प्रशिक्षण, ओढ्यांची दुरुस्ती, जुन्या जंगलरस्त्यांची डागडुजी अशी कामे निघाली. त्यातली बरीचशी अल्पमुदतीची होती. पन्नाशीचा करवत्या प्रशिक्षण घेऊन कमी पगाराच्या नोकरीत गेला किंवा गाव सोडून गेला. तो न्यायालयात जाऊ शकत नव्हता, कारण मोडला म्हणावा असा त्याचा कायदाच नव्हता.

वेगळे करता आले असते का? आले असते, आणि त्याच देशात तसे झालेही होते. १९७८ मध्ये रेडवूड राष्ट्रीय उद्यान वाढवताना काम गमावणाऱ्या कामगारांना अनेक वर्षे वेतनभरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यातच लिहिली गेली. अंमलबजावणीवर टीका झाली, खर्च वाढला, हे खरे. पण तत्त्व मान्य झाले होते की जंगल सर्वांसाठी राखायचे असेल तर त्याची किंमत एकट्या मजुराने मोजू नये. १९९४ मध्ये हे तत्त्व मागे पडले.

घुबडाचे तरी भले झाले का? पूर्णपणे नाही. पूर्वेकडून आलेल्या पट्टेरी घुबडाने त्याच्या जागा बळकावल्या आणि त्याची संख्या घटतच राहिली. २०२४ मध्ये सरकारने तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत पट्टेरी घुबडे मारण्याची योजना मंजूर केली. जुने जंगल मात्र बऱ्याच अंशी उभे राहिले. ते राहिले नसते तर या घुबडाला आज लढायलाही जागा उरली नसती.

आता आपल्या जंगलाकडे पाहू

हा इतिहास जसाच्या तसा इथे लागू होत नाही. तिकडचा कामगार कंपनीचा पगारदार होता. आपला माणूस जंगलातच राहतो, तेंदूपत्ता आणि मोहफूल वेचतो, वनखात्याच्या कूपकटाईवर आणि रोपवनात रोजंदारी करतो. ठेकेदाराला हटवण्यासाठी १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या, हा आपला वारसा आहे. शिवाय आपल्याकडे अमेरिकन कामगाराला न मिळालेली एक गोष्ट आहे. ती म्हणजे कायदा.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की हक्कांची नोंद आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जंगलातून हुसकता येणार नाही. वन्यजीवांसाठी अतिमहत्त्वाचे क्षेत्र राखायचे असेल तर सहजीवन शक्य नाही हे आधी दाखवावे लागते, उपजीविकेची शाश्वती देणारे पुनर्वसन द्यावे लागते आणि ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्वक संमती घ्यावी लागते. वन्यजीव राखण्याचा अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू विकला. जंगल राहिले आणि रोजगारही राहिला. जंगलातला मजूर तिथे मालक होऊन बसला, हे त्याचे कारण.

पण याच कायद्यात आपल्या लोकांसाठी एक काटा आहे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास आणि जंगलावरचे अवलंबन, दाखवावे लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलपट्ट्यातले बौद्ध आणि इतर दलित याच दुसऱ्या गटात येतात. ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीन धरू दिली नाही, त्यांनाच ७५ वर्षांच्या वासाचा पुरावा मागायचा, असा हा न्याय. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला स्थगिती दिली. मधल्या पंधरा दिवसांत किती घरांत चूल पेटली नसेल?

म्हणून, मित्रांनो, वाघ हवा की माणूस या वादात शिरून दमू नका. नियम काय म्हणतात ते वाचा. कायद्याच्या नियमांनुसार पुरावा म्हणजे फक्त सातबारा नाही. जुनी गॅझेटियर, जनगणना, मतदारयादी, घरपट्टीची पावती चालते. दावेदार सोडून गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो. जुनी विहीर आणि जुनी स्मशानभूमीसुद्धा पुरावा म्हणून चालते. समितीला ठरावीक एकाच कागदाचा हट्ट धरता येत नाही.

हे शेवटचे पुन्हा वाचा. आपल्या पूर्वजांना गावाने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले नाही, म्हणून त्यांनी वेगळी विहीर खोदली. गावाच्या स्मशानात जाळू दिले नाही, म्हणून वेगळी जागा धरली. आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी झालेल्या त्या विहिरीच आज सांगतात की आपण इथे होतो, तीन पिढ्यांहून आधीपासून होतो. त्यांची नोंद करा, फोटो काढा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, ग्रामसभेत ठराव करून घ्या. म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत, त्यांच्याबरोबर पुरावाही जातो आहे.